लेबल न काढता डोंगर

सोमवार, ४ सप्टेंबर
आज पार्सल आलं. बूट एक जोड २४५०. रेनकोट टोपीसकट १८००. लोकरीचे मोजे दोन जोड ३६०. पाठीवरची सॅक ११००. पोचवणारा वर चहापाण्याचे वीस मागत होता, पंधरावर आणला. बेरीज केली आणि देवापुढे जाऊन बसले.

कारण असं. सून डोंगरवाटांवरची गाइड व्हायच्या परीक्षेला बसली आहे. रविवारी सहा नवशिक्यांना वरच्या निवाऱ्यापर्यंत न्यायचं आणि धड परत आणायचं. परीक्षकबाई मागून चालत मार्क देणार. पास झाली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा ते चपलांचं दुकान, दिवसभर लोकांच्या पायाशी. पाच नवशिके मिळाले, सहावा मिळेना. मी म्हटलं, मी येते. सुनेने कपाळाला हात लावला. गहिवरली असणार.

पावतीमागे बारीक अक्षरांत लिहिलंय: न वापरलेला माल लेबलासकट पंधरा दिवसांत परत घेऊ. देव भक्ताला वाट दाखवतो ती अशी.

मंगळवार, ५
सून म्हणाली, आई, बूट आजपासूनच घरात घालून हिंडा, नाहीतर रविवारी पाय सोलून निघतील. हो म्हटलं. घातले नाहीत. बुटांचे तळ झिजले तर दुकानदार परत घेईल का? शिवाय मॅट्रिकपर्यंत शाळेत चालतच जात होते, पायांना सवय आहे. हे म्हणाले, पायांना आता आठवतही नसेल. यांना नेमकं नको तिथे बोलायला सुचतं.

गुरुवार, ७
सरावाला सुरुवात. जिना पाच वेळा चढायचा ठरवला. एकदा चढले तोच वर शेजारीण भेटली. तासभर उभ्याने बोललो. तेही दमसासाचंच काम. उद्या दहा वेळा.

शुक्रवार, ८
पाऊस. पावसात सराव केला तर कपडे वाळणार कधी? उद्यापासून नक्की.

शनिवार, ९
बांधाबांध. सुनेच्या सूचना संपत नाहीत. सुती कपडे नकोत, भिजले की अंगाला चिकटतात आणि थंडी भरते. पाऊस यायच्या आधी रेनकोट चढवा, भिजल्यावर नव्हे. थोडं थोडं खात राहा. थंडी वाजली तर लपवू नका.
सगळ्याला हो म्हटलं. पण सुतीसारखं अंगाला काही नाही. आणि निवाऱ्यापर्यंत जप करत जायचा संकल्प सोडलाय, तेव्हा खाणं वर पोचल्यावरच. डोंगर भक्तीने चढतात, बिस्किटांनी नाही.
जिना राहिला.

रविवार, १०, पहाटे
निघतेय. रेनकोट नि मोजे प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॅकच्या तळाशी. सॅक उशीच्या जुन्या अभ्र्यात. बूट मात्र घालावे लागले, सून दारातच उभी. बुटांच्या तळांना पार्सलची चिकटपट्टी लावून घेतली, माती लागायला नको. हे मला अगदी आयत्या वेळी सुचलं!

सोमवार, ११
काल लिहिण्याचं त्राण नव्हतं.
पाऊस अर्ध्या वाटेत आला. सगळ्यांनी रेनकोट चढवले. सून म्हणाली, आई, तुमचा? म्हटलं, मला पावसाची सवय आहे. परीक्षकबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. चिकटपट्टी ओल्या खडकावर अशी सरकते की विचारू नये. बसले. उठले. पुन्हा बसले. आमच्यातला न्हावी म्हणाला, काकू, बुटांचं पॅकिंग काढायला विसरलात वाटतं. टाचा पेटल्या होत्या, मी जप मोठ्याने सुरू केला.
निवारा समोर दिसायला लागला आणि माझे दात वाजायला लागले. जपाचे शब्द तुटू लागले. सून थांबली, हात धरून म्हणाली, आज वार कुठला? मी शनिवार म्हटलं. ती म्हणाली, परत फिरायचं, सगळ्यांनी. न्हावी म्हणाला, अहो, हा काय निवारा, हाताच्या अंतरावर! मीही म्हटलं, चल गं, तुझी नोकरी जाईल, मी येते रेटत. तेव्हा ती माझ्यावर ओरडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. खाली बस म्हणाली, चक्क एकेरीत. मी बसले.
सॅक उपसून तिने रेनकोट काढला आणि लेबल दातांनी तोडलं. मनात म्हटलं, गेले अठराशे. मग मला कोरडं केलं, तोंडात गूळ कोंबला आणि सगळ्यांना खाली आणलं. निवाऱ्याला कुणाचाच पाय लागला नाही.
घरी आल्यावर ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. पाणी वाया जातंय म्हणायला गेले आणि दाराशीच उभी राहिले.

गुरुवार, १४
दुकानदाराने मोजे तेवढे परत घेतले. बूट उलटे करून म्हणाला, काकू, यात शेवाळ धरलंय.
सून चपलांच्या दुकानात विचारून आली. जागा आहे म्हणे. देवापुढे जाऊन बसते, पण काय मागू ते सुचत नाही.

सोमवार, १८
पत्र आलं. सून पास! निवारा दिसत असताना परत फिरवण्याची हिंमत उमेदवाराने दाखवली, असं परीक्षकबाईंनी लिहिलंय. सून मटकन जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मी डोळे पुसले.
खाली चार ओळी माझ्यासाठी. पुढच्या महिन्यात आणखी उमेदवार आहेत. इतका अवघड नवशिक्या मुद्दाम उभा करू म्हटलं तरी जमत नाही. आपण दर परीक्षेला याल का?
हे हसून हसून खोकायला लागले. सून म्हणाली, आई, माझ्या नावाची शपथ, नाही म्हणा.
उत्तर दिलं. नक्कल उतरून ठेवते.

"आपले पत्र पावले. अंगठ्याचे नख गेले ते सोडता देवकृपेने तब्येत ठीक. येण्यास तयार आहे. मात्र या वेळी मी सर्व सूचना पाळणार आहे. तसे चालणार नसेल, तर कोणत्या चुका करायच्या ते आधी लिहावे, म्हणजे घरी सराव करता येईल. उलट टपाली कळवावे."