पाहायला येणारे

गुरुवार, १४ नोव्हेंबर. मोताळा

आज संशोधनाच्या डॉक्टरबाई येऊन गेल्या. शरीरात प्रथिन साचण्याचा बाबांचा आजार आजोबांकडून आलेला. बाई औषध देत नाहीत, तो कसा वाढतो ते नुसतं पाहतात. या आजाराने पाय बधिर होतात; अंगणात बाबांची चप्पल निसटली, त्यांना कळलंही नाही.

उद्या मला पाहायला येतायत. आई म्हणाली, "पाहुण्यासमोर तुह्या बाबाले उठू देऊ नको. चप्पल निसटली का आजार समजते लोकाले."

"मंग मले कोठीतच कोंड ना!" बाबा हसले.

मला हसू आलं नाही. लहानपणी माझ्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेणाऱ्या माणसाला लपवू? आणि पुढे माझ्यातही तेच निघालं तर?

बाबांची चप्पल दाराशीच ठेवली आहे. पाहुण्यांना घ्यायला बाबाच जातील. पाहायला येतायत ना, मग सगळं पाहून जावं.

आईला अजून सांगितलेलं नाही.