इशारा पूर्ण होण्याआधीच गप्प होणाऱ्या यंत्राबाबत

प्रति,
मा. इशारा अधिकारी,
पश्चिम किनारा इशारा केंद्र, सवाई बेट, सामोआ

विषय : गावच्या भोंग्यावरून स्वतःच्या तोंडाने इशारा देण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. १६ जानेवारी.

महोदय,

मी सालेफागा गावची भोंगाचालक असून सहा वर्षे वादळाचे इशारे मीच वाचत होते. मार्चपासून आपल्या आदेशानुसार ते संगणक वाचतो. काळ्या पडद्यावर 'बोल' असा हुकूम टंकून पुढे मजकूर लिहावा लागतो. एक अवतरणचिन्ह राहिले की यंत्र हूं की चूं करत नाही.

१. आमच्याकडे चारचौघांत बोलणारा आधी गावच्या सर्व मानकऱ्यांची नावे क्रमाने घेतो, हे आपणही जाणता. यंत्राने पहिल्याच दिवशी थेट वाऱ्याला हात घातला. पंचायतीने मला बोलावले. थोरले मानकरी तुइसावेलो म्हणाले, "हा कोण टिकोजी? आमच्या दारात येऊन आम्हालाच हुकूम सोडतो? आधी नावं घे म्हणावं, मग वारा सांग." तोवर त्याचे कोणी ऐकू नये, असे ठरले.

२. म्हणून मी नावे टंकली. परंतु यंत्र दोनशे अक्षरांनंतर थांबते आणि नावांतच एकशे नव्वद जातात. गावाने सर्व मानकऱ्यांचा यथोचित गौरव ऐकला, नंतर "आज दुपारी" एवढे ऐकले, आणि भोंगा बंद. मानकरी प्रसन्न झाले. दुपारी काय होणार, हे कोणालाच कळले नाही.

३. मजकूर तोडून त्याचे दोन हुकूम करून पाहिले. दुसरा नावांवाचून सुरू झाला म्हणून पुन्हा बोलावणे आले. शेवटचे नाव गाळून पाहिले. ते माझ्या सासऱ्यांचे होते. आम्ही एकाच घरात राहतो आणि ते माझ्याशी बोलत नाहीत. याविषयी आपल्या कार्यालयास चार पत्रे लिहिली. "मजकूर संक्षिप्त ठेवावा" हे एकच उत्तर आले.

४. दि. १४ रोजी मोठ्या लाटांचा इशारा आला. अकरा बाया ओहोटीत प्रवाळावर शिंपल्या वेचत होत्या, त्यांत माझी आई होती. यंत्राने नावे घेतली आणि ते गप्प झाले. मला भीती वाटली आणि तितकाच संतापही आला. मी कुलूपबंद माईक उघडून ओरडले, "बायांनो, टोपल्या टाका, वर पळा. आई, तू पण." अकराही जणी वर आल्या. टोपल्या समुद्राने नेल्या. त्या दिवशी मी एकाही मानकऱ्याचे नाव घेतले नाही, तरी मला कोणी बोलावले नाही. सासऱ्यांनी माझ्यासाठी नारळ फोडून ठेवला होता.

बोलावणे आले ते आपले. विनापरवाना मानवी आवाज वापरल्याबद्दल खुलासा करावा आणि माईकची चावी शुक्रवारपर्यंत जमा करावी, असा आदेश आहे. खुलासा वर केला आहे. वादळाचे अजून तीन महिने बाकी आहेत. तेवढे तरी मला बोलू द्यावे, ही विनंती.

अजून तरी आपलीच नम्र कर्मचारी,
पेसेता लेउतेले
सालेफागा, दि. १९ जानेवारी

सोबत :
१) नोटिशीची प्रत
२) अकरा बायांच्या सह्या
३) माईकची चावी : जोडलेली नाही.