भिंतीमागचा दगड

९ मार्च १९८६

मोरीच्या मागच्या कातळात आज खिळा खुपसून पाहिला. सहज गेला! चांगला बोटभर आत. ज्या काळ्या दगडाला टेकवून अण्णांनी घराची मागची भिंत बांधली, तो असा कसा? थोडं सरकून पुन्हा मारला तर खिळाच वाकला. म्हणजे दगड चांगला की वाईट?

भूविज्ञान घेतलं नसतं तर खिळा मारायला गेलेच नसते.

१० मार्च

कॉलेजात मृणालिनी मॅडमना विचारलं. आमचं घर असं सांगितलं नाही — "घाटकोपरच्या टेकडीवर एके ठिकाणी" म्हणाले. त्या म्हणाल्या, लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात. भेगांतून पावसाचं पाणी शिरतं आणि एकेक खनिज बदलत जातं. फेल्स्पारची माती होते, लोखंडाचा गंज. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मधला गाभा मात्र टणक राहतो.

"मग तो कोसळतो का?"

"कोसळतो. कधी हजार वर्षांनी, कधी पुढच्या पावसात."

हे काय उत्तर झालं?

१६ मार्च

अण्णांना घरामागे नेलं. तांबूस पापुद्रा हाताने सोलून दाखवला, चुरगळून दाखवला, दगडाचं वयही सांगितलं. त्यांनी तो चुरा हातात घेऊन पाहिला, हात झटकले.

"गो शकू, साडेसहा कोटी वर्सां टिकलो म्हणतस ना? मगे आणखी धा-वीस वर्सां टिकतलो."

यात चूक कुठे आहे ते मला सांगता येईना. आहे नक्की, पण सांगता येईना. आई आतून म्हणाली, "भिंतीसाठी मी डोक्यावरून खडी वाहिलीय. तुझ्या पुस्तकात आहे का ते?"

नाही, ते नाही.

९ एप्रिल

पेपर झाला. तिसरा प्रश्न विदारणाचाच — दगड कसा झिजतो, कुजतो. उदाहरण दुसऱ्याच टेकडीचं लिहिलं.

२३ एप्रिल

खिळ्याच्या भोकाजवळ एक ढलपी निघाली. आत सुपारीएवढी पोकळी, आणि पोकळीभर पांढरे स्फटिक. सुयांसारखे, इतके नाजूक की श्वास रोखून पाहिले. लाव्हात वायूचा बुडबुडा अडकला, मग खूप नंतर गरम पाणी झिरपलं आणि खनिजं ठेवून गेलं. तेव्हाही पाणीच. आता कुजवतंय तेही पाणीच. मग पाणी दगडाला घडवतं की त्याचं वाटोळं करतं?

आईला दाखवले. म्हणाली, "खडीसाखर."

६ मे

मोरीपासून चुलीपर्यंत जमिनीला भेग आहे. अण्णा म्हणतात, पहिल्यापासूनच आहे. आईला आठवत नाही. मलाही नाही. लहानपणी इथेच तर सागरगोटे खेळायचे — भेग असती तर लक्षात राहिली नसती का? की रोजची म्हणून दिसलीच नाही?

जेवण जात नाही. अंथरूण दाराशी घालते. अण्णा बघतात.

१८ मे

अण्णा आज अचानक म्हणाले, पावसाळाभर मानखुर्दला रुक्मिणीआत्याकडे राहू. आईने भांडी बांधायला घेतली, एका शब्दाने वाद घातला नाही. मी विचारलं, "पटलं तुम्हाला?"

"पटला गो."

एवढं सोपं होतं? मला आनंद व्हायला हवा. झालाही. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

१ जून

आत्याच्या एका खोलीत आम्ही सगळे. भूक लागते आता. अण्णा ताटात वाढलेलं संपेपर्यंत समोर बसून राहतात, मग उठतात.

दगड हलला नाही तर मी खोटी ठरणार. हलला तर — नको, ते नकोच. मग मी कशाची वाट बघतेय? रोज सकाळी आत्या विचारते, "पडला का गं तुझा डोंगर?" सगळे हसतात. मीही हसते.

८ जून

इस्त्री राहिली होती, आणायला घाटकोपरला गेले. घराला कुलूप नव्हतं. आत स्टोव्ह पेटलेला, एक अनोळखी बाई भात लावत होती.

"तू शकू ना? अण्णांनीच दिलं घर पावसाळ्यापुरतं. लेक बाळंत झाली, आमच्या झोपडीत पाणी भरतं. भाडंसुद्धा नको म्हणाले. म्हणाले, घर भक्कम आहे, पोरीने भीती घेतलीय, जेवत नाही, म्हणून आम्हीच थोडे दिवस लांब राहतो."

मागच्या भिंतीशी तिची लेक झोपली होती, कुशीत बाळ.

मला अजूनही ठाऊक नाही तो दगड पडेल की नाही. मी बाळ उचललं.

"अगं, काय झालं?"

"आधी बाहेर चला," म्हणाले. "मग सांगते."