पुसून टाकलेली मापं

रविवार, सातारा. दिवेलागणीची वेळ.

करवतीचं जुनं मशीन बघायला आज आटपाडीला जाऊन आलो. घ्यायचं ठरलं. मोटर दमदार आहे, बिडाचं जड टेबल आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण ते फडकं...

मशीनचे मालक सुतार चार महिन्यांपूर्वी वारले. त्यांच्या बायकोनं शेड उघडून दिली. जुनं मशीन बघताना मी आधी टेबल पुसतो, मग पट्टी उभी धरून ते सपाट आहे का बघतो. सवयच ती. आजही फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि सगळं टेबल स्वच्छ पुसून काढलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं मापं लिहिलेली होती. आम्ही सगळेच सुतार टेबलावर मापं लिहितो, काम झालं की पुसतो. पण हे काम झालं होतं का? एवढं तरी विचारायचं!

"नातीच्या पाळण्याची मापं हुती ती," बाई म्हणाल्या. "त्यांनी लिवल्याली."

"आवं वहिनी, आधी सांगायचं तरी!" मी गाढवासारखं बोलून गेलो. वर त्यांनाच दोष.

बाई ओल्या टेबलावरनं हात फिरवत राहिल्या. "असू द्या भाऊ. बघायला कोनतरी येनार म्हनून रोज सकाळी फडकं घिऊन येत हुते मी. पुसायला हातच हुत न्हवता."

ते फडकं अजून माझ्या खिशात आहे. मघापासून एखादा आकडा आठवतोय का बघतोय. कसा आठवेल? जन्मभर मापं वाचून पोट भरलं, आणि ही न वाचताच पुसली.