शाळेच्या हॉलचे दगड

प्रिय कृष्णराज,

तुझा निरोप मिळाला. लगेच उत्तर दिलं असतं, तर त्यात शिव्याच जास्त आल्या असत्या.

शाळा समितीचा अध्यक्ष झाल्यावर तूच मला हॉलचा नकाशा काढायला आणि बांधकाम बघायला बोलावलंस. आपलं लग्नाचं जमलं नाही, निदान हे तरी दोघांचं उभं राहील, असं मला वाटलं. वेडी मी. सकाळी परिपाठ, दुपारी खिचडीच्या पंगती, संध्याकाळी ग्रामसभा, सगळं एकाच छताखाली. भिंतींना आपल्याच माळावरचा काळा दगड, उन्हाळ्यात गार. भूकंपाची धास्ती मलाही होतीच. म्हणून वर मातीच्या माळवदाचा भार टाळला. जोत्यावर, खिडक्यांवर आणि छपराखाली सळ्यांचे काँक्रीटचे पट्टे धरले, भिंतींना कंबरेच्या करदोड्यासारखे आवळून ठेवणारे. हे सगळं तुझ्याच ओसरीवर बसून तुला समजावलं होतं. तू मान डोलावली होतीस.

भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि तू ग्रामसभेत उभा राहून म्हणालास, "त्र्याण्णव साल इसरलात व्हय? लेकरं पुन्हा दगडाखाली बसवायची का?" गजराबाई उठून पुढं आल्या. त्यांची धाकटी दोन लेकरं भूकंपाच्या त्या पहाटे दगडांखालीच गेली होती. "बाई, तुमचं शिक्षण लई असंल, पण माझी नात न्हाय बसायची तिथं," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्यापुढं मी कुठल्या तोंडानं पट्ट्यांचं सांगणार होते? त्यांचा मला आजही राग नाही.

भिंती उतरवल्या. दगड "सध्या ठेवायला" म्हणून तुझ्या शेतात गेले. शाळेला पत्र्याची शेड मिळाली. मार्च लागला की मुलं तिथून उठून लिंबाखाली बसतात. मी मात्र समजत राहिले, की तू खरंच घाबरलास. तुझी बाजू घेऊन लोकांशी भांडलेसुद्धा.

आता तुला त्याच दगडांचं शेतात घर हवंय, गार राहतं म्हणून. वर लिहितोस, "तुझे ते पट्टे विसरू नको, आरोही झोपणार आहे तिथं." म्हणजे पट्ट्यांवर तुझा विश्वास तेव्हाही होता. डोळा दगडांवर होता.

नकाशा सोबत पाठवतेय. तुझ्या लेकीचा काय दोष? तिन्ही पट्टे घाल, एकही चुकवू नकोस. वास्तुशांतीला मला बोलावू नकोस. गजराबाईंना बोलाव, नातीला घेऊन. त्यांना घरभर हिंडव आणि ते पट्टे कशासाठी आहेत हे तूच सांग, ग्रामसभेत बोललास तशाच खड्या आवाजात.

तुझीच म्हणायची सवय मोडलेली,
दैवशाला