फक्कीने आखलेले चांगआन

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली आहेत की हे पत्र लिहिणे कोणत्याच शिस्तीत बसत नाही. तरीही लिहितो, कारण येत्या आठवड्यात मी अबूधाबीहून चीनमधल्या शिआनला निघालो आहे. तुमच्या इतिहासाच्या तासाला त्या शहराचे नाव चांगआन होते.

शाळेच्या खो-खोच्या मैदानावर तुम्ही ते फक्कीने आखले होते. सरळ रस्ते, भिंतींनी वेगळे केलेले मोहल्ले, पूर्वेचा बाजार, पश्चिमेचा बाजार. तिथे सूर्यास्ताला नगारे वाजत आणि मोहल्ल्यांचे दरवाजे बंद होत. म्हणून तुम्ही शाळेची घंटा वाजवायला लावता आणि आम्ही असू तिथे थांबतो. मी मात्र दक्षिणेच्या दरवाजात उभा राहून राजघराण्यांची नावे घडाघडा म्हणतो आहे. "अरे, वेशीत उभा राहून गावाचं वर्णन काय करतोस? आत जा की!" तुम्ही ओरडता आणि सगळा वर्ग हसतो. मी आत शिरतो तो थेट पश्चिमेच्या बाजारात, उंट झालेल्या मुलांच्या अंगावर.

ही हकीकत मी पत्नीला इतक्यांदा ऐकवली की शेवटी तीच म्हणाली, "तुमचं चांगआन केव्हाच पावसात वाहून गेलं. आता खरं बघू या." मग तिने सगळे वाचून काढले. आज उभा असलेला तट तुम्ही आखलेल्या शहराचा नव्हे, हेही तिनेच मला दाखवले. तो पुष्कळ नंतरचा आहे आणि त्याच्या आतले शहर लहान आहे. आपल्या महाराष्ट्रातूनही फिरून गेलेल्या चिनी भिक्षूने नेलेल्या पोथ्यांसाठी बांधलेला विटांचा मनोरा, सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक, आणि वळणदार कौलारू छपरांची जुनी मशीद, एवढे तिला पाहायचे होते. इथे अबूधाबीच्या खलिफा सिटीत आमच्या खिडकीतून घुमटच दिसतात, त्यामुळे त्या मशिदीचे तिला विशेष अप्रूप होते. त्या तटावर सायकल चालवता येते असे कळल्यावर, वयाच्या पन्नाशीनंतर, ती आमच्या मागच्या गल्लीत सायकल शिकली. "मी तुमच्या मागे बसायची नाही. मला माझी सायकल हवी."

आम्ही थांबत राहिलो. आधी मुलीच्या परीक्षा होत्या, नंतर माझी निवृत्ती, नंतर पत्नीचे आजारपण. गेल्या रमजानच्या सुमारास ती गेली.

मागच्या शनिवारी मुलगी दुबईहून आली ती भांडायच्या तयारीनेच. "बाबा, यू कान्ट ईवन ऑर्डर फूड ऑन द ॲप! हाउ विल यू मॅनेज चायना? डिसेंबरमध्ये वुई विल ऑल गो."

"असे डिसेंबर तुझ्या आईने पुष्कळ पाहिले."

"अँड मावशी? ती म्हणतेय, वर्षश्राद्धाआधी नो ट्रिप्स."

"मावशीला माझा नमस्कार सांग. तिकीट काढले आहे."

तिने माझा फोन उचलला. "ओके. लोकेशन शेअर करणार? एव्हरी डे?"

"इन्शाल्ला."

"बाबा! नो इन्शाल्ला! से येस!" तिची आई गेल्यानंतर या घरात आम्ही दोघे पहिल्यांदाच हसलो. मी हो म्हणालो.

सर, वर्षश्राद्धाचे विधी मी यथासांग करीन. परंतु तिच्या वाटणीचे जे पाहायचे राहिले आहे, ते श्राद्धाच्या पानात वाढता येत नाही. ते पायांनी जाऊनच पाहावे लागेल. गुडघे साथ देतात तोवर जाणे हे माझे कर्तव्य आहे, आणि ते मी करणार.

हे पत्र कुठेही टाकायचे नाही. तेव्हा एक गोष्ट लिहायला हरकत नाही. मुलीला ती सांगितलेली नाही. परका देश, परकी भाषा, उंच तट यांचे मला भय नाही. भय आहे ते एवढेच, की संध्याकाळी एखाद्या खाणावळीत शिरल्यावर कोणीतरी बोटे दाखवून विचारील, किती जण?