पौर्णिमेच्या गोगलगायी

१८ मे, लातूर

तनुजा येणार! बापूसाहेब स्वतःच म्हणाले, "पोरींसोबत आमची तनुजा राहील, पोरांकडं तू बघ." बापूसाहेब म्हणजे तिचे वडील, क्लासचे मालक. त्यांच्या क्लासची हुशार पोरं बक्षीस म्हणून व्हिएतनामला चाललीत, अन् नांदेडच्या ट्रॅव्हल्सचा माणूस म्हणून मी. कॉलेजात सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बी.एस्सी. मधेच सोडली, तेव्हापासून बापूसाहेब मला 'अर्धवट' म्हणतात. तोंडावर! तनुजाचं अन् माझं मात्र त्यांना काहीच माहीत न्हाई. ट्रिप धड पार पाडायची, मग त्यांच्यासमोर उभं राहून तिचा हात मागायचा. तोवर राग गिळायचा. ठरलं.

२१ मे, हनोई

हॉटेलात गोंधळ. खोल्या नवव्या मजल्यावर, अन् बापूसाहेब किल्लारीकडचे! "त्र्याण्णवच्या भूकंपापासून मी वरच्या मजल्यावर झोपलो न्हाई, आता परदेशात झोपू?" शेवटी त्यांची गादी खाली काउंटरमागच्या खोलीत टाकली. तिथूनच हुकूम: "उद्या खाऊगल्ल्या फिरवायच्यात त्या फिरव. पण एकाही तोंडात मांस गेलं तर तू हाय अन् मी हाय."

हो म्हणालो. गिळलं.

२२ मे

काय दिवस! गाईड लिन्ह, चणीनं एवढीशी, पण आवाज वर्गशिक्षिकेचा. रस्ता ओलांडायचा तर म्हणे पळू नका, थांबू नका, एका चालीनं चला — स्कूटरवाले आपोआप वळतात. क्लासमधली उर्वी म्हणाली, "यात काय शिकवायचं? आमच्या लातूरच्या गंजगोलाई चौकात रोज हेच असतंय."

मला धास्ती मांसाची. तर लिन्ह म्हणते, आज पौर्णिमा — इथली लई माणसं आज मांस खात न्हाईत, ती बिनमांसाच्या गाड्यांवरच नेणार. पायाच पडणार होतो तिच्या!

बुटक्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो. तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पोळ्या, आत मशरूम. पोरांतल्या यज्ञेशनं दप्तरातून शेंगदाण्याची चटणी काढून वर भुरभुरली. लिन्हनं चाखली अन् पुडीच मागून घेतली. मग तिनं पोरांना विचारलं, कसं लागलं? यज्ञेश म्हणतो, "मॅडम, अ-ब-क-ड पर्याय द्या ना!"

शेवटच्या कोपऱ्यावर गोगलगायींचं दुकान. गवती चहाचा वास, पातेल्यातून वाफा. पोरांना घाईघाईनं समोर उसाच्या रसावर पिटाळलं. वळून बघतो तर तनुजा स्टुलावर, टाचणीनं शंखातून ओढून खाऊन राहिली!

"तनुजा!"

"गप. लई दिवसांपासून खाऊन बघायचं होतं."

वाटीभर खाल्ल्या. मी पुन्हा नव्यानं प्रेमात.

तेवढ्यात उर्वीनं फोटो काढून क्लासच्या ग्रुपवर टाकला. फोटोत रिकाम्या शंखांचा ढीग, मी, अन् तनुजाचा नुसता हात.

हॉटेलात शिरलो तर बापूसाहेब मोबाईल घेऊन उभे. "हे काय हाय? कोणी खाल्लं?" तनुजानं तोंड उघडलं. तिच्या आधी मीच, "मी खाल्लं! काय करता?"

'काय करता'ची गरज नव्हती. तोंडातून निघून गेलं.

"अर्धवट तो अर्धवटच!"

झालं — डोकं सटकलं. गळ्यातलं ट्रॅव्हल्सचं ओळखपत्र काढून काउंटरवर भिरकावलं. नोकरी सोडली!

२३ मे

वाटलं होतं, तनुजा विरघळेल. नाश्त्याला आली ती पेटलेलीच. "तुला कोणी सांगितलं होतं मला वाचवायला? पप्पांसमोर पहिल्यांदा खरं बोलायला तोंड उघडलं होतं मी. तू मधेच घुसलास."

"माझी नोकरी गेली तुझ्यापायी!"

"गेली न्हाई. तू फेकलीस."

चहा तसाच टाकून उठलो. जिन्यानं नवव्या मजल्यावर गेलो, रागात. वर पोचेपर्यंत पटलं की तिचंच बरोबर. हे खाली जाऊन सांगायला हवं होतं. न्हाई गेलो.

२४ मे

आज पण न्हाई सांगितलं. गाढव!

२७ मे, नांदेड

परत आलो. तनुजा लातूरला. शेवटी मेसेज लिहिला — चुकलो. तुझं बोलणं तुझं होतं, मी हिसकावलं. तिनं वाचलाय. उत्तर न्हाई.

२८ मे

न्हाई.

२९ मे

फोन आला! तिनं पप्पांना सगळं सांगून टाकलं — आधी आमचं लग्नाचं, मग गोगलगायींचं. म्हणाली, "ते अजून गोगलगायींवरच चिडून राहिलेत."